घराकडे धावणारा माल

सान्वीनं पातेलं सरळ केलं तेव्हा धार तुटली, आणि तुटलेल्या धारेचं वरचं टोक खाली पडायचं सोडून सर्रकन माघारी पातेल्यात गेलं. एवढंच झालं. सकाळचे पावणेसात, डोंबिवलीतलं आमचं स्वयंपाकघर, ओट्यावर माझा चहा, आणि माझी भाची उकळलेल्या जवसाचा बुळबुळीत काढा गाळून जॅमच्या रिकाम्या बाटलीत भरत होती. केसांना लावतात म्हणे. कॉलेजसाठी ती आमच्याकडे राहायला आल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात खाण्यापेक्षा लावण्याचे पदार्थ जास्त शिजतात, आणि मी तिकडे बघायचं सोडून दिलं आहे. आज बघितलं. "पुन्हा ओत," मी म्हटलं. "काय?" "बाटलीतलं पातेल्यात घे आणि पुन्हा ओत. मध्येच थांब." तिनं ओतलं, थांबली, धार लांबली, बारीक झाली, सुताएवढी झाली, तुटली, आणि वरचा तुकडा पुन्हा माघारी पळाला. "आत्या, हे खायचं नाहीये हां," सान्वी म्हणाली. मी तिला सात वेळा ओतायला लावलं. सातव्या वेळेपर्यंत माझा चहा तसाच राहिला.

मी चिकट पदार्थांतली बाई आहे. हे मी अभिमानानं सांगते, आणि अभिमान म्हटलं की लाजणाऱ्यांतली मी नाही. कोलशेतला आमच्या कंपनीत चिकटपट्टी तयार होते, रंगारी खिडकीच्या कडेला लावतात ती कागदी, आणि त्या कागदावर जो चिकट द्राव बसतो त्याचा थेंब न् थेंब गेली एकतीस वर्षं माझ्या सहीनं टाकीत पडला आहे. कारखान्यात त्याला सगळे नुसतं 'माल' म्हणतात. माल किती जाड, किती पातळ, किती वेळ ढवळायचा, याचे नियम मी लिहिले. ते लाल बांधणीचं पुस्तक आहे आणि त्याला हेमांगी मॅडमची पोथी म्हणतात हे मला माहीत आहे; मला ते आवडतं. माझ्या लाल पेनाला लोक भितात. भ्यावंच. ज्या कारखान्यात कुणी कुणाला भीत नाही तिथला माल बाजारात चिकटत नाही. एकतीस वर्षांत मालाच्या दोषामुळे आमचा एकही रोल परत आला नव्हता. येत्या शुक्रवारी मी निवृत्त होते आहे, शाल-श्रीफळ ठरलं आहे, भाषणात कोण काय बोलेल तेही मला पाठ आहे. आणि याच दीड महिन्यात कागदावर रेघा यायला लागल्या. सरळ, समांतर, एकसारख्या अंतरावर, ओल्या केसांतून फणी फिरवावी तशा. फक्त पहिल्या पाळीत. दुपारनंतर तोच माल, तेच मशीन, तोच वेग, आणि कागद आरशासारखा. पहिल्या पाळीला मशीनवर दर्शना असते, दुसऱ्या पाळीला प्रितम. तेव्हा दोष कुणाच्या हातात आहे हे शेंबडं पोरही सांगेल, असं प्लँट हेड देवेश म्हणाला, आणि मी मान हलवली. आज अकरा वाजता दर्शनाला निलंबनाचं पत्र द्यायचं होतं. त्यावर दोन सह्या लागतात, एक देवेशची आणि दुसरी माझी.

टॅक्सी मोठागावातून माणकोलीच्या पुलावर चढली. हा पूल झाल्यापासून डोंबिवलीहून ठाणं जवळ आलं असं सगळे म्हणतात. मला मात्र त्यामुळे विचार करायला वेळ कमी मिळतो. खाली खाडीचं पाणी ओहोटीला लागलं होतं आणि काठाचा चिखल चमकत होता. मी खिडकीच्या काचेवर अंगठा आणि पहिलं बोट टेकवून, एकमेकांपासून दूर नेऊन, पुन्हा जवळ आणत होते. हा हावभाव माझा नाही. तो राघोदादांचा. दर्शनाचे वडील. कंपनीसाठी कोलशेतच्या ज्या घरांच्या जमिनी गेल्या त्या प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी मिळाली, तसे ते माल ढवळायच्या खात्यात लागलेले. त्याआधी त्यांच्या तीन पिढ्या मिठागरात. त्यांची आई रखमाबाई एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडण्याआधी दोन बोटांत घेऊन चोळायची, आणि पाणी पिकलं की नाही ते सांगायची, असं ते सांगत. त्यांनी तीच बोटं आमच्या टाकीत घातली. मी सत्तावीस वर्षांची, नवीकोरी, मुंबईच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात आलेली. मला पहिल्या दिवशी दिसलं ते हे की एक पन्नाशीचा माणूस टाकीत बोट बुडवतो आहे, बोटांमध्ये मालाची तार काढतो आहे, तार तुटली की डोळे बारीक करून बघतो आहे. मी विचारलं, काय बघता. ते म्हणाले, "काय नाय बाय, ह्याला घर याद येतंय का ते बघतंय."

ते मला बाय म्हणत. कंपनीत मला बाय म्हणणारा तो एकच माणूस. मला आवडायचं नाही, एकदोनदा तसं सांगितलंही, पण त्यांच्या तोंडात मॅडम हा शब्द ठरतच नसे. त्यांच्या हिशेबी माल दोन प्रकारचा. एक शांत माल: तार तुटली की दोन्ही टोकं जिथल्या तिथं लोंबतात, थेंब होऊन पडतात. दुसरा माल घराकडं धावणारा: तार तुटली की दोन्ही टोकं आपापल्या बोटाकडं पळतात. "ह्यो माल घराकरं धावतंय, बाय," ते टाकीवर वाकून म्हणत, "ज्याला घर याद येतंय त्याला पलवू नको. पलवलास तं रेघा मारंल." आणि ते स्वतःच जाऊन मशीनवाल्याला वेग कमी करायला सांगत, नाहीतर टाकीत पाव बादली जुना माल घालत. मी हसायचे. वाईट हसायचे नाही, पण शिकलेली माणसं हसतात तसं. माझ्याकडे कप होता. स्टीलचा, तळाला भोक असलेला. भोकावर बोट धरायचं, कप काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि घड्याळ सुरू करायचं. धार तुटली की घड्याळ बंद. चोवीस सेकंद म्हणजे माल पास. कपाला घर नव्हतं, आई नव्हती, मिठागर नव्हतं. कपाकडे आकडा होता, आणि आकडा माझा होता.

साकेतच्या पुलावर गाडी अडकली. पुढे कंटेनर, बाजूला कंटेनर, आणि ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी सांगत होता की मॅडमना अर्जंट आहे. अर्जंट कुणाला नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वीची ती सकाळ मला मुळीच आठवायची नव्हती, पण जिला घराकडं धावायचं असतं ती आठवण पुलावरच गाठते. दर्जाचं प्रमाणपत्र मिळणार होतं, परीक्षक आले होते, टाय लावलेले तिघं, आणि मी त्यांना माझी टाकी, माझा कप, माझं पुस्तक दाखवत होते. राघोदादांनी सवयीनं टाकीत बोट घातलं. तिघांपैकी एकानं भुवई वर केली. मी म्हटलं, "हात धुऊन या." मोठ्यानं म्हटलं नाही, ओरडून तर नाहीच, पण मुलाला पंगतीतून उठवताना म्हणतात त्या आवाजात म्हटलं. ते गेले, धुऊन आले, आणि टाकीपासून चार पावलं लांब उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मी पोथीत लाल पेनानं कलम घातलं: टाकीत हात घालून केलेली कोणतीही तपासणी ग्राह्य धरली जाणार नाही. प्रमाणपत्र मिळालं. त्याचा फोटो माझ्या केबिनमध्ये आहे. राघोदादांनी त्यानंतर निवृत्तीपर्यंतच्या सहा वर्षांत टाकीत बोट घातलं नाही, निदान माझ्यासमोर नाही, आणि मला बाय म्हणायचंही सोडलं. मॅडम म्हणायला लागले. मला त्या वेळी वाटलं, चला, शिकले.

आता खरं काय ते मला स्वतःशी नीट मांडायचं होतं, कारण अकरा वाजता मला दुसऱ्यांना ते मांडावं लागणार होतं. आमच्या मशीनला दोन रूळ आहेत, शेजारी शेजारी फिरणारे, मध्ये केसाएवढी फट. फटीतून माल बाहेर येतो तेव्हा त्याला दुभंगावं लागतं, निम्मा या रुळावर, निम्मा त्या रुळावर. जिथं तो दुभंगतो तिथं मालाची एक कड असते, हवेला लागून, रुळाच्या लांबीएवढी. वेग कमी असला की ती कड सरळ राहते. वेग वाढला की ती डुचमळते, तिच्यात लाटा येतात, आणि लाटा स्थिर झाल्या की कागदावर रेघा. हे पुस्तकात आहे, मी नव्या पोरांना शिकवतेही. पण पुस्तकातला साधा माल पाण्यासारखा असतो, ताणला की ताणला. ज्या मालात लांबलचक रेणू असतात, एकमेकांत अडकलेले, तो त्या कडेवर ताणला जातो आणि परत खेचतो. कड जिथं जराशी वर उचलली गेली तिथं तो तिला आणखी खेचतो. मग ज्या वेगाला साधा माल मुकाट्यानं सरळ गेला असता त्याच्या निम्म्या वेगाला हा रेघा मारतो. हेही मला ठाऊक होतं. कुठंतरी वाचलं होतं, खूण करून ठेवली होती. फक्त ते माझ्या टाकीत घडेल असं वाटलं नव्हतं, कारण माझा कप चोवीस म्हणत होता. कपाला मालाचा आळशीपणा, तो किती सावकाश वाहतो एवढाच, कळतो. ताणल्यावर तो काय करतो हे कपाला कधीच कळत नाही.

आणि दीड महिन्यापूर्वी माल घट्ट करायची नवी पावडर मी आणली. मी. जुनी दोन टक्के लागायची, ही पाव टक्क्यात काम करते, कारण तिचे रेणू फार लांब. तपासणी मीच केली. कप भरला, बोट काढलं, धार पडली, बारीक झाली, आणि शेवटी कपाच्या भोकाला एक लांब दोरा लोंबत राहिला. तो तुटला आणि वर गेला. मी ते पाहिलं होतं. पाहून घड्याळ बंद केलं आणि चोवीस लिहिलं. आता पुलावर बसून मला तो दोरा इतका स्पष्ट दिसत होता की मी डोळे मिटून घेतले. मग दुपारी रेघा का जात, तेही मिटल्या डोळ्यांना दिसलं. टाकीतला माल दिवसभर पंपातून फिरतो. पंपाचे दात त्या लांब रेणूंचे तुकडे करतात. सहा-सात तास फिरला की माल शांत. सकाळी ताजी टाकी मिळते दर्शनाला, आणि थकून गरीब झालेला माल मिळतो प्रितमला. त्या पोरीच्या हाताला काही झालं नव्हतं. ती फक्त माझ्या सहीच्या सगळ्यात जवळ उभी होती.

कारखान्यात पोचले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. केबिनमध्ये न जाता मी आधी पाळीचं रजिस्टर मागवलं. पहिल्या पाळीची पानं उलटत गेले. तारीख, वेग, फट, सेकंद, सगळं वळणदार अक्षरात, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पहिल्याच आठवड्यात दर्शनानं लिहिलं होतं: माल घराकडे धावतो. तीन दिवसांनी पुन्हा: ताजा माल घराकडे धावतो, वेग कमी करावा का. पुन्हा पुढच्या सोमवारी. एकूण आठ वेळा. आणि पहिल्या शेऱ्याशेजारी लाल पेनानं, माझ्या अक्षरात, माझ्या आखूड सहीसकट: भाषा तांत्रिक ठेवावी. मला ते लिहिल्याचं आठवत नव्हतं. रोज पन्नास पानांवरून लाल पेन फिरतं, त्यातलं एक. बापाची बोटं मी बंद केली होती, आणि लेकीच्या अक्षरातून ती परत आली तर मी त्यांचं व्याकरण तपासलं. मला राग आला. स्वतःचा आला, पण राग यायची माझी एकच रीत आहे. मी तडक मशीनवर गेले आणि म्हटलं, मशीन थांबवा.

दर्शना मशीनच्या कडेला उभी होती, केस बांधलेले, हात मागे. एकेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, कोटिंग मशीन चालवणारी आमच्याकडची पहिली आणि अजून एकुलती एक. पत्राची कुणकुण तिला होतीच. अशा गोष्टी भिंतींना आधी कळतात. "मॅडम, मी फटीला हात लावलेला नाय," ती म्हणाली. "वेग पण लावून दिलेला तेवढाच." "माहीत आहे," मी म्हटलं. "ताजा माल एका बादलीत काढ. काल रात्रीचा उरलेला आहे ना, तो दुसऱ्या बादलीत." तेवढ्यात देवेश आला, हातात फोन आणि फाइल. घोडबंदरच्या ट्रॅफिकचा घाम अजून त्याच्या कपाळावर होता. वाईट मुलगा नाही. पस्तिशीचा आहे आणि त्याला सगळं अकराच्या आत संपवायचं असतं. "मॅडम, मीटिंग अकराला आहे ना?" "इथंच घेऊ," मी म्हटलं.

कप आणवला. ताजा माल, चोवीस सेकंद. रात्रीचा माल, तेवीस. "बघा, सेमच आहे," देवेश म्हणाला. मी बाही वर केली आणि ताज्या मालाच्या बादलीत दोन बोटं घातली. आजूबाजूचे सगळे जवळ सरकले. एकतीस वर्षांत त्यांनी मला मालाला हात लावताना पाहिलं नव्हतं. माल गार होता, आणि मला वाटलं होतं त्याहून मऊ. बोटं वर घेऊन उघडली. तार आली, लांबली, तुटली, पण मला काही दिसलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही. मी बोटं घाईनं उघडत होते आणि चष्म्याचा नंबर मध्ये येत होता. "अशी नाय मॅडम," दर्शना हलकेच म्हणाली, "हळू उघडायची. मग पटकन." तिनं स्वतःची बोटं घातली आणि माझ्या चष्म्यासमोर धरली. तार लांबली, सुताएवढी झाली, तुटली, आणि दोन्ही टोकं आपापल्या बोटाकडं पळाली. मग रात्रीचा माल. तार आली, तुटली, थेंब झाला, खाली पडला. देवेश वाकून बघत होता. "परत दाखव," तो म्हणाला. तिनं परत दाखवलं.

"आता प्रितमला बोलवा," मी म्हटलं. तो दुसऱ्या पाळीचा, पण बाळकुमलाच राहतो. वीस मिनिटांत चपला घालून आला. त्याला मी ताजा माल दिला. तोच वेग, तीच फट, फक्त दर्शनाऐवजी प्रितम. कागद सुटला, चाळीस मीटर गेला, मी दिव्यासमोर धरला. रेघा. फणी फिरवल्यासारख्या. प्रितमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मी तो बघितला नाही. मग रूळ पुसले, रात्रीचा माल घातला आणि मशीन दर्शनाच्या हातात दिलं. कागद सुटला. तिनं पुढे जाऊन तो स्वतः फाडला, स्वतः दिव्यासमोर धरला, आणि माझ्याकडे न देता आधी स्वतः पाहिला. स्वच्छ होता. तिच्या मानेत एक ताठपणा आला, आणि तो मी ओळखला. सव्वीस वर्षांपूर्वी टाकीपासून चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाची मान तशीच होती. त्या दिवशी मला तो उद्धटपणा वाटला होता.

देवेश मला बाजूला घेऊन गेला, पॅकिंगच्या खोक्यांमागे. "मॅडम, ओके, समजलं. दर्शनाचं पत्र कॅन्सल. पण रिपोर्ट वर जाणार. लिहू या की पावडर खराब आलेली, सप्लायरचा लॉट फॉल्टी. तुमचे चारच दिवस राहिलेत, कशाला उगाच? एकतीस वर्षांचं रेकॉर्ड आहे तुमचं." तो मनापासून बोलत होता. मला जपत होता. आणि मी खोटं बोलणार नाही, एक क्षणभर मला ते वाक्य फार गोड लागलं. लॉट फॉल्टी. दोन शब्द, कुणाच्या बापाचं काय जातं. शुक्रवारची शाल दिसली, भाषण ऐकू आलं: मॅडमच्या काळात एकही रोल परत आला नाही. मग मला त्या भाषणाची शिसारी आली. "पावडर चांगली आहे," मी म्हटलं. "मी मागितली तशीच त्यांनी दिली. मी मागितली ती चूक. एकतीस वर्षांत मी कधी दुसऱ्याचं काम माझं म्हणून दाखवलं नाही, देवेश. मग माझी चूक दुसऱ्याची म्हणून कशी देऊ? माझी आहे, माझ्याच नावावर राहू दे." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "तुम्ही पण ना, मॅडम," आणि फाइलमधलं पत्र काढून चार तुकडे केले.

रजिस्टर मशीनवरच उघडलं. 'भाषा तांत्रिक ठेवावी' वर लाल पेनानं आडवी रेघ मारली, एकच, खालचं वाचता येईल अशी, आणि खाली लिहिलं: दर्शना यांची नोंद अचूक. वरील शेरा माझा व चुकीचा. पूर्ण सही केली, आडनावासकट. मग केबिनमध्ये जाऊन पोथी काढली. सव्वीस वर्षांपूर्वीचं कलम खोडलं आणि त्या जागी नवं घातलं: प्रत्येक ताज्या टाकीची दोन बोटांची तपासणी करावी, तार तुटल्यावर टोकं माघारी गेल्यास माल घराकडे धावणारा समजावा, व वेग निम्मा करावा किंवा माल पंपातून सात तास फिरवावा. घराकडे धावणारा. तांत्रिक शब्द मला माहीत आहे. तो मी कंसातसुद्धा घातला नाही. लिहिताना मला जे वाटलं त्याला मी पश्चात्ताप म्हणणार नाही. छाती भरून आली होती, परीक्षेत पेपर पूर्ण सोडवून खाली पेन ठेवावं तशी. या पुस्तकात मी लिहिलेली दीडशे कलमं आहेत आणि हे त्यातलं सर्वांत चांगलं आहे, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

पाळी सुटताना दर्शना केबिनच्या दारात आली. आत आली नाही. "मॅडम, तुम्ही लिवलेलं मी वाचलं," ती म्हणाली. "फोटो काढला तर चालंल? आबांना दाखवते." मी म्हटलं, आबा घरी असतात का. "असतातच. कुठं जाणार? डोळ्याचं ऑपरेशन झालंय." तिनं पिशवी खांद्यावर सरकवली. "तुम्हीच या ना. पाच मिंटावर तर आहे." मी ताज्या मालाची एक छोटी बाटली भरून घेतली. का घेतली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. माणूस आजाऱ्याकडे जाताना फळं घेतो, मी माल घेतला.

कोलशेत गावठाणातलं त्यांचं घर आता दुमजली आहे, टाइल्स लावलेलं, आणि मागे एक मनोरा इतका उंच गेलाय की दुपारीच अंगणात सावली. राघोदादा सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, काळा चष्मा, गुडघ्यावर हात. ऐंशीचे. दर्शनानं कोण आलंय ते सांगितलं आणि फोन त्यांच्यासमोर धरून माझं कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा सावकाश. शेजारची दोन माणसं ऐकायला थांबली. मी बाटलीचं झाकण काढलं आणि पुढे केली. "बघता?" त्यांनी बाटली नाकाजवळ नेली, मग दोन बोटं घातली. तार काढली. चष्मा काढून बघावं लागलं नाही त्यांना. त्यांनी नजर दुसरीकडेच ठेवली होती, खाडीच्या बाजूला. तार तुटली. "हां," ते म्हणाले. "लय जोरात धावतंय ह्यो." मग बोटं मिटवत, "कुणी आनलाय?" "मी," मी म्हटलं. "मीच आणला, राघोदादा. आणि मलाच कळलं नाही." त्यांनी मान डोलावली, जसं काही मी हवापाण्याचं बोलले.

आत कुणीतरी चहा टाकला होता, त्याचा वास येत होता. त्यांची दोन बोटं एकमेकांना चिकटून तशीच हवेत राहिली होती. "हात धुवून येतंय, बाय," ते म्हणाले आणि खुर्चीच्या दांड्याला धरून उठायला लागले. साधेपणानं म्हणाले. सव्वीस वर्षांपूर्वीचं त्यांच्या मनात होतं की नव्हतं, मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. मी म्हटलं, "बसा." पायरीवर भरलेला तांब्या होता. मी आजवर कुणाच्या हातावर पाणी घातलं नव्हतं, घरातल्या वडीलधाऱ्यांच्यासुद्धा नाही. आमच्याकडे ती कामं करायला दुसरे होते आणि मी अभ्यासातली. तांब्या जड होता. मी वाकले, गुडघे कुरकुरले, आणि त्यांच्या बोटांवर बारीक धार धरली. माल सहज सुटत नाही. ते अंगठ्यानं चोळत राहिले, मी ओतत राहिले, पाणी त्यांच्या मनगटावरून माझ्या चपलेवर आणि फरशीवर गेलं. दर्शना दारात उभी राहून बघत होती. "पुरं," ते म्हणाले. मी आणखी थोडं घातलं.